‘बेकरी बंद’ लिहिण्यापूर्वी : घरच्या यंत्रातील ब्रेड आणि आपले पथ्यलेखन

आमच्या चिकित्सालयातील केसपेपरवर औषधांच्या यादीखाली एक ओळ गेली कित्येक वर्षे जवळजवळ सवयीने उमटत आली आहे : ‘बेकरीचे पदार्थ पूर्ण बंद.’ अम्लपित्त असो, मलावष्टंभ असो, त्वग्विकार असो की स्थौल्य, ही ओळ ठरलेली. बहुतेक वैद्यबंधूंचा अनुभव याहून वेगळा नसावा. ही ओळ चुकीची आहे असे आमचे म्हणणे नाही. ती न विचारता लिहिली जाते, एवढेच आमचे म्हणणे आहे. आणि न विचारता लिहिलेल्या पथ्याने काय घडू शकते याचा धडा आम्हांस एका रुग्णाने दिला. म्हणून हा लेखनप्रपंच.

सुमारे बाहत्तर वर्षांचे एक सेवानिवृत्त शिक्षक मलावष्टंभ व अग्निमांद्य यांसाठी आमच्याकडे येत. वर्षापूर्वी पत्नीचे निधन झालेले, मुलगी परदेशी. स्वयंपाकाची सवय हाताला कधी लागली नव्हती. पहिल्याच भेटीत त्यांनी संकोचाने विचारले होते, “डॉक्टर, घरी केलेला ब्रेड चालेल का?” आमचा हात तोवर पुढच्या रुग्णाच्या कागदाकडे गेला होता. आम्ही म्हणालो, “सर, ब्रेड तो ब्रेडच.” दोन महिन्यांत औषध दोनदा बदलले, तरी भूक सुधारेना. वजन तीन किलोंनी उतरले तेव्हा मात्र आम्ही लेखणी खाली ठेवून, सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाता, हे सविस्तर विचारले. दुपारी डबा, त्यातील पोळी रात्रीपर्यंत चिवट होई, ती दातांना चावेना, म्हणून रात्री दूध-लाह्या किंवा नुसतेच दूध, आणि बरेचदा तेही नाही. दिवाळीत आलेल्या मुलीने ब्रेड करण्याचे यंत्र आणून दिले होते, वापरायला शिकविले होते. तीन-चार आठवडे ते त्यात गव्हाच्या पिठाचा ब्रेड करून मुगाच्या वरणाबरोबर खात होते. आमची ओळ वाचल्यावर त्यांनी ते यंत्र कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवले. “तुम्ही बंद म्हणालात, म्हणून बंद केलं,” एवढेच ते म्हणाले. आमची आज्ञा इतक्या निष्ठेने पाळणारा रुग्ण क्वचित भेटतो. आणि त्याच निष्ठेने त्यांचे रात्रीचे जेवण गेले होते.

यंत्र काय करते

पुढील रविवारी आम्ही त्यांच्या घरी जाऊन हा प्रकार प्रत्यक्ष पाहिला. भांड्यात तीनशे मिली पाणी, दोन चमचे तेल, एक चमचा मीठ, त्यावर चारशे ग्रॅम गिरणीचे पीठ आणि सर्वांत वर, कोरड्या पिठात खळगा करून, चार ग्रॅम कोरडे यीस्ट. तळाचे पाते पीठ मळते, थांबते, पुन्हा मळते. मंद उष्णतेत पीठ फुगते आणि त्याच भांड्यात भाजले जाते. गव्हाच्या पिठाच्या क्रमाला सुमारे चार तास लागले. निघालेला ब्रेड दुकानातल्यासारखा उंच व मऊ नव्हता. बुटका, घट्ट, जड असा होता. कोंड्याचे कण पिठातील चिवट जाळे तोडतात आणि जात्यावरच्या पिठाला पाणीही अधिक लागते, त्यामुळे तो तसाच व्हायचा. खपली गव्हाचे जाळे याहून दुर्बळ, म्हणून त्याचा ब्रेड फुगून पुन्हा बसतो.

या यंत्राचा इतिहास वैद्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९८७ साली ते बाजारात आणले. आधीच्या प्रयोगांत वरचे कवच करपे आणि आतील भाग कच्चा राही. तेव्हा त्या गटातील इकुको तानाका या महिलेने ओसाका येथील एका हॉटेलातील मुख्य पाववाल्याच्या हाताखाली राहून मळणी शिकून घेतली. पीठ ताणताना त्याला पीळ देण्याची त्याची लकब तिने ओळखली, आणि यंत्राच्या भांड्यात आतून कंगोरे बसविल्यावर ती लकब यंत्रात उतरली. पीठ तेच, पाणी तेच; मळण्याचा संस्कार बदलला आणि पदार्थ बदलला. चरकाचार्यांनी ‘करण’ या शब्दात जे सांगितले, त्याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस सुचत नाही.

शास्त्राचा कौल

आता मूळ प्रश्न. ब्रेड पथ्य की अपथ्य? अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील आठव्या अध्यायात वाग्भटाचार्यांनी नित्य सेवनाच्या द्रव्यांत शाली, यव यांच्याबरोबर गोधूमही घेतला आहे. आणि त्याच अध्यायात नित्य सेवन न करण्याच्या यादीत शुक्त आणि पिष्ट यांचा उल्लेख आहे. ब्रेड या दोन याद्यांच्या सीमेवर उभा आहे. द्रव्य पहिल्या यादीतील. रूप मात्र पिष्टमय, आणि आंबवणामुळे अम्लत्वाकडे झुकणारे. ब्रेड म्हणजे शुक्त नव्हे हे खरे, पण आंबवणाचा अंश नाकारता येत नाही. तेव्हा गहू आहे म्हणून पथ्य, हे जितके घाईचे, तितकेच ब्रेड आहे म्हणून विष, हेही घाईचेच.

याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात आणखी मोलाचे विवेचन आहे. एकाच धान्याचे अपूप कुकूल, कर्पर, भ्राष्ट्र, कंदु आणि अंगार यांवर भाजले असता ते उत्तरोत्तर लघु होत जातात, असे आचार्य सांगतात. म्हणजे धान्य न बदलता केवळ अग्निसंस्काराने लाघव बदलते. आपल्या घरातील निखाऱ्यावर फुगविलेला फुलका या क्रमात सर्वांत लघु ठरतो. यंत्रातील ब्रेड बंद भांड्यात, पोटात भरपूर ओलावा राखून भाजला जातो. तो फुलक्याची बरोबरी करू शकत नाही. मात्र तोच ब्रेड पूर्ण थंड झाल्यावर पातळ काप करून तव्यावर खरपूस शेकला तर त्याचा क्लेद उणावतो. आमच्या शिक्षक-रुग्णास आम्ही हेच सांगितले. गरम, ओला ब्रेड खाणे तेवढे बंद केले.

मात्रेविषयी चरकाचार्यांचा उपदेश स्पष्ट आहे. गुरू पदार्थ अर्धतृप्तीपर्यंतच घ्यावेत, आणि पिष्टमय पदार्थ जेवणानंतर कधीही खाऊ नयेत. भूक लागलेली असतानाच मापात खावेत. चहाबरोबर भूक नसताना, जेवणावर जेवण म्हणून ब्रेड खाल्ला जातो. आमच्या मते खरा अपचार तेथे आहे.

यीस्ट ‘परके’ म्हणून ब्रेड त्याज्य, असा युक्तिवादही ऐकू येतो. आसवारिष्टांचे संधान लावणाऱ्या आणि धातकीपुष्पांचे प्रयोजन जाणणाऱ्या वैद्याच्या तोंडी तो शोभत नाही. किण्व आपल्या शास्त्राला नवे नाही. विचारावयाचे ते एवढेच, की आंबवण पुरते झाले की घाईने उरकले.

काळाचा प्रश्न

येथेच विकतच्या ब्रेडचा खरा दोष दिसतो. गोव्यातील पोदेर एके काळी माडाच्या सुरेने पीठ आंबवीत आणि त्यास वेळ देत. १९६१ साली इंग्लंडमधील चोर्लीवुड येथे अतिवेगवान मळणीची पद्धत विकसित झाली आणि पीठ आंबण्याचे तास वाचले. त्या जागी सुधारक द्रव्ये आली. टिकण्यासाठी कॅल्शियम प्रोपिओनेट येते. आपल्या देशात पोटॅशियम ब्रोमेट हे संशयित कर्कजनक द्रव्य दिल्लीतील ब्रेडच्या नमुन्यांत आढळल्याचे २०१६ साली एका संस्थेने उघड केल्यानंतरच ते अनुमत द्रव्यांच्या यादीतून काढले गेले. घरच्या ब्रेडमध्ये ही द्रव्ये नसतात, हा लाभ निर्विवाद आहे.

परंतु काळाबाबत यंत्राकडूनही फसगत होते. यंत्रात ‘झटपट’ क्रम असतो; तो वापरल्यास आंबवण नावापुरतेच राहते. दीर्घ आंबवणात गव्हातील फायटेट घटते व लोह-जस्त शरीरास अधिक मिळते; पोटात वायू धरविणारी फ्रुक्टान नामक शर्कराही कमी होते. झटपट क्रमात हा लाभ अल्पच. दुसरे असे की, रात्री वेळ लावून ठेवले म्हणजे पीठ रात्रभर आंबते, असा अनेकांचा समज असतो. तसे नसते. ठरलेली वेळ येईपर्यंत यीस्ट कोरड्या पिठावर निजलेले असते. मात्र पाण्याऐवजी दूध घातले असेल तर ते रात्रभर उबेत राहते. दूध आणि अम्ल यांचा संयोग शास्त्राने विरुद्ध मानला आहे, हेही ध्यानात घेता घरच्या ब्रेडमध्ये दूध न घालणेच बरे.

‘घरचा’ या शब्दाची भूल

एक सहाध्यायी वैद्यमित्र हा विचार ऐकून म्हणाले, “तुम्ही असे लिहिलेत की लोक म्हणणार, वैद्यांनीच ब्रेड खायला सांगितला.” त्यांची भीती अनाठायी नाही. यंत्राबरोबर येणाऱ्या पाककृतींत मैदा, साखर, दुधाची भुकटी आणि लोणी सर्रास असते. असा ब्रेड घरी केला म्हणून पथ्य होत नाही. चारशे ग्रॅम पिठास सहा-सात ग्रॅम मीठ पडते. दहा काप केले तर प्रत्येकात ०.६ ते ०.७ ग्रॅम. दिवसाकाठी पाच ग्रॅमहून कमी मीठ घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; तेव्हा रक्तदाबाच्या रुग्णाने चार काप खाल्ले तर सुमारे अडीच ग्रॅमचा हिशेब तेथेच लागतो.

त्याहून गंभीर बाब ग्लुटेनची. गव्हाच्या ग्लुटेनमुळे आतड्यास इजा होणाऱ्या सिलियाक रोगात घरचा ब्रेड, खपलीचा ब्रेड, दीर्घ आंबविलेला ब्रेड, हे सर्व सारखेच वर्ज्य आहेत. जुनाट अतिसार, पांडू, मुलांची खुंटलेली वाढ अशी लक्षणे असतील तर आपण घाईने गहू बंद करतो आणि रुग्णास बरे वाटू लागते. परंतु गहू बंद असताना केलेली रक्ततपासणी खोटे समाधान देते. तपासणी आधी, वर्जन नंतर, हा क्रम प्रत्येक वैद्याने पाळावा अशी आमची कळकळीची विनंती आहे.

ज्या घरात ज्वारी-बाजरीची भाकरी किंवा फुलका ताजा होतो, तेथे या यंत्राचे काहीही प्रयोजन नाही, हेही निःसंदिग्धपणे नमूद करतो. भाकरीला ना यीस्ट लागते ना वीज. आमवात, अम्लपित्त, प्रमेह, कफप्रधान त्वग्विकार यांत आम्ही आजही ब्रेड वर्ज्यच सांगतो, मग तो कोठेही केलेला असो.

आमची सूचना

आहारविधीची आठ आयतने आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केली. केसपेपरवर मात्र आपण केवळ ‘प्रकृति’ पाहून थांबतो. ब्रेड खाणाऱ्या रुग्णास पुढील प्रश्न विचारण्यास दोन मिनिटे लागतात. पीठ कशाचे? आंबविण्यास किती वेळ? सोबत काय : वरण, तूप, की जॅम? किती काप? कोणत्या वेळी, भूक असताना की नसताना? कोण्या प्रदेशात, कोणत्या ऋतूत? ताजा की तिसऱ्या दिवशीचा? आणि शेवटी उपयोक्ता : हा माणूस कोण, त्यास काय सात्म्य, त्याच्या घरी चूल कोण पेटविते?

हा शेवटचा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. शिक्षकांचे यंत्र माळ्यावरून खाली आले. रात्री शेकलेले दोन काप, मुगाचे पातळ वरण, तूप आणि एखादी शिजविलेली भाजी असा आहार ठरला. औषध तेच राहिले. तीन महिन्यांत गेलेल्या वजनापैकी दोन किलो परत आले आणि मलप्रवृत्तीही सुधारली. हा ब्रेडचा गुण असे आम्ही म्हणणार नाही. वेळेवर, ताजे, स्वतः केलेले अन्न रात्री पोटात जाऊ लागले, त्याचा तो गुण आहे. एका रुग्णावरून सिद्धांत काढणेही योग्य नव्हे.

आता ‘बंद’ हा शब्द लिहिण्यापूर्वी आम्ही रुग्णास एक प्रश्न विचारतो : “मग त्या वेळी तुम्ही काय खाल?” उत्तर मिळाल्यावाचून ती ओळ पुरी करावयाची नाही, असा नियम आम्ही स्वतःपुरता घालून घेतला आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची संख्या आपल्या प्रत्येकाच्या चिकित्सालयात वाढत आहे. त्यांच्या पथ्याचा विचार कसा करावा, याविषयी वैद्यबंधू-भगिनींनी आपले अनुभव, विशेषतः आमच्या मताविरुद्ध जाणारे, या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावेत, ही नम्र विनंती.