मुक्कामी गाडीचा हिशेब

१९४८ सालच्या मार्च महिन्याच्या ८ तारखेस भोर संस्थान विलीन होऊन, शंकराजी नारायणांपासून चालत आलेला पंत सचिवांचा सुमारे अडीच शतकांचा अंमल संपुष्टात आला. आणि त्याच वर्षी १ जून रोजी, म्हणजे पुरते तीन महिनेही लोटले नसताना, सरकारी एसटीची पहिली गाडी चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे यांच्यासह पुण्याहून अहमदनगरास रवाना झाली. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन घटना शेजारी शेजारी सापडत नाहीत. पण हिरडस मावळातल्या एखाद्या वृद्ध गृहस्थाच्या दृष्टीने पाहिले, तर संस्थान गेल्यावर जे नवे राज्य आले, ते मामलेदार कचेरीच्या हुकमांतून जितके त्याच्या परिचयाचे झाले, त्याहून अधिक ते पुढील काळात त्याच्या वेशीपर्यंत येऊ लागलेल्या या गाडीमुळे झाले.

दिवाळी अंकाचे संपादकीय एसटीवर लिहिण्याचे कारण एवढेच, की ज्या दिवसांत हा अंक वाचकांच्या हाती पडतो, त्याच दिवसांत भोर-वेल्ह्याचा पुण्या-मुंबईस नोकरीधंद्यासाठी गेलेला माणूस स्वारगेटच्या फलाटावर पिशव्या सांभाळीत उभा असतो आणि भाऊबीजेला माहेरी निघालेल्या बहिणी कापूरहोळच्या फाट्यावर भोरच्या गाडीची वाट पाहत असतात. खाजगी सर्व्हिस मोटारींच्या जमान्यात गाडी भरेल तेव्हा निघे आणि मालकाला परवडेल तेथपर्यंतच जाई. ही स्थिती पालटून, ठरल्या वेळी, ठरल्या दराने आणि एकही उतारू नसला तरी गाडी सुटलीच पाहिजे, हा दंडक बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या कारकिर्दीत घालून दिला गेला. मराठवाड्याच्या बांधवांना तर याचा अनुभव आधीच होता, कारण निजामाच्या रियासतीने १९३२ सालीच सरकारी मोटार-वाहतूक सुरू केली होती. पुढे १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने देशभरच्या अशा सेवांना एक चौकट मिळाली आणि महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर, १९६१ मध्ये, आपले महामंडळ आजच्या नावाने उभे राहिले.

भोर आणि वेल्हे या तालुक्यांची रचना ज्याने पायी वा गाडीने पाहिली आहे, त्याला एसटीचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. हा मुलूख सपाटीवरच्या जाळ्यासारख्या रस्त्यांचा नव्हे. येथे डोंगराच्या दोन सोंडांमध्ये एक नदी, तिच्या काठाने एक रस्ता आणि त्या रस्त्याच्या शेवटास सह्याद्रीचा कडा, अशी एकेका खोऱ्याची मांडणी आहे. नीरेच्या काठाने निगुडघर, हिर्डोशी करीत जाणारी वाट तेवढी वरंध घाटाने महाडला उतरते, पण अलीकडे दर पावसाळ्यात दरडींच्या भयाने तो घाट अवजड वाहनांना बंद होतो आणि मग तेही खोरे इतरांसारखेच एकमार्गी बनते. वेळवंडीच्या अंगाने भाटघरच्या जलाशयाकाठची भुतोंड्याकडची गावे, आंबवड्यावरून रायरेश्वराच्या पायथ्याला कोर्ल्यापर्यंत जाणारी वाट, नसरापूर-विंझर मागे टाकून तोरण्याखाली वेल्ह्यास आणि तेथून पुढे मढे घाटाच्या माथ्यावर केळदपर्यंत पोहोचणारी सडक, राजगडाच्या कुशीतले गुंजवणे — या सर्व ठिकाणी रस्ता संपतो तेथे एसटीची फेरी संपते, आणि त्या शेवटच्या गावी जी गाडी रात्री जाऊन राहते व पहाटे परत फिरते, ती मुक्कामी गाडी.

या मुक्कामी गाडीविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण शहरी वाचकांपैकी अनेकांनी ती पाहिलेलीही नसेल. दिवेलागणीला भोरच्या स्थानकातून ती सुटते तेव्हा तिच्यात बाजार करून परतणारी माणसे, कचेरीतल्या दाखल्यासाठी दिवसभर ताटकळलेला शेतकरी, दवाखान्यातून रजा मिळालेली बाळंतीण आणि कॉलेजची मुले असतात; शेवटचा उतारू उतरल्यावर चालक आणि वाहक देवळाच्या ओवरीत, शाळेच्या पडवीत किंवा गाडीतच अंथरूण टाकतात, आणि कोणाच्या तरी घरून गरम भाकरी-कालवण त्यांना येते, ज्याची नोंद महामंडळाच्या कोणत्याही वहीत नसते. पहाटे हीच गाडी दुधाचे कॅन, तालुक्याच्या न्यायालयातली तारीख असलेला वादी आणि प्रतिवादी (दोघेही पुष्कळदा एकाच बाकावर), शहरात शिकणाऱ्या मुलासाठी आईने दिलेला डबा आणि सकाळच्या शाळेची मुले घेऊन खाली उतरते. वडापची जीप दिवसा हवी तितकी मिळते. पहाटेच्या अंधारात, मुसळधार पावसात, चार माणसांसाठी ती येत नाही, आणि आली तर अडलेल्याकडून मागेल तो दाम घेते. म्हणून मुक्कामी गाडी बंद पडते तेव्हा सर्वांत आधी घरी बसते ती दहावीच्या पुढे शिकू पाहणारी मुलगी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुलींसाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने मोफत पासाची योजना आहे ही गोष्ट भूषणावह खरीच, परंतु गाडीच नसेल तर पास दप्तरातच राहावयाचा.

महामंडळाच्या कारभारात 'भारमान' नावाचे एक माप आहे. गाडीच्या एकूण आसनांपैकी किती भरली, याचे ते शेकडा प्रमाण. आणि ज्या फेरीचे भारमान कमी, ती फेरी तोट्याची, असा हिशेब आगारापासून मध्यवर्ती कार्यालयापर्यंत चालतो. हे माप पुणे-सातारा मार्गाला योग्य असेल, परंतु खोऱ्याच्या टोकाशी असलेल्या गावाला ते लावणे अन्यायाचे आहे, कारण तेथील गाडी परतीच्या वाटेवर सुरुवातीला रिकामी असणारच. वेल्हे तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत सुमारे ५४ हजार भरली. एवढ्या विरळ वस्तीच्या प्रदेशात भरगच्च गाडीची अपेक्षा कोणी करावी? १९५० च्या कायद्याचे २२ वे कलम महामंडळाने व्यापारी तत्त्वाने चालावे असे सांगते, हे खरे. पण त्याच कायद्याचे १८ वे कलम पुरेशी, कार्यक्षम, किफायतशीर आणि सुसंबद्ध सेवा पुरविणे हे महामंडळाचे कर्तव्य ठरविते, आणि आमच्या समजुतीप्रमाणे कर्तव्याचे कलम आधी येते ते उगाच नव्हे.

शिवाय या खोऱ्यांचे एक येणे बाकी आहे. भाटघरच्या धरणात वेळवंडीचे खोरे बुडाले आणि त्या पाण्यावर नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसची उसाची शेती उभी राहिली. पानशेत-वरसगावच्या जलाशयांखाली वेल्ह्यातली गावे गेली आणि पुणे शहराला नळाचे पाणी मिळाले. मागाहून नीरा-देवघर आणि गुंजवणी यांनी उरलेल्या खाचरांतला वाटा घेतला. धरणांनी नदीकाठची सखल जमीन नेली, पूर्वी नदी ओलांडून जवळ असलेले गाव जलाशयाला वळसा घालून दूर नेले आणि माणसांना डोंगराच्या उतारावर ढकलले. ज्यांच्या पाण्यावर खालचा मुलूख समृद्ध झाला, त्यांच्या गाडीच्या डिझेलचा तोटा मात्र त्यांच्याच नावे मांडावयाचा, ही जमाखर्चाची रीत आम्हांस मान्य नाही.

बसस्थानकांबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. मोक्याच्या जागा व्यापारी संकुलांसाठी विकसित करण्याची भाषा सर्वत्र ऐकू येते. शिवाजीनगरचे स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलले आणि तात्पुरती म्हणविलेली ती व्यवस्था वर्षानुवर्षे चालू राहिली. अमेरिकेत ग्रेहाउंड कंपनीची शहराच्या मध्यवर्ती भागातील जुनी स्थानके जमिनीच्या भावासाठी विकली गेल्यावर अनेक शहरांत लांब पल्ल्याचे उतारू रस्त्याच्या कडेला उघड्यावर उभे राहिले, आणि कॅनडात तर त्या कंपनीने २०२१ साली देशांतर्गत सेवाच गुंडाळली. आपल्याकडे २०२५ च्या फेब्रुवारीत स्वारगेटच्या आवारातल्या उभ्या गाडीत एका तरुणीवर अत्याचार झाल्याच्या तक्रारीने सारे राज्य हादरले. उजेड, पहारा आणि जबाबदार वाहतूक नियंत्रक यांचा खर्च दुकानांच्या भाड्याआधी येतो, हे त्या घटनेने दाखवून दिले.

२०२१ च्या दिवाळीत सुरू होऊन पुढील एप्रिलपर्यंत चाललेल्या संपाने कर्मचाऱ्यांचे हाल जगापुढे आले, पण त्या काळात थांबलेल्या ग्रामीण फेऱ्यांपैकी अनेक पुन्हा सुरू झाल्या नाहीत. त्यानंतर पंचाहत्तरी उलटलेल्यांना मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे भाडे मिळाल्याने प्रवासी परत वळले आहेत. ५,१५० विजेच्या गाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचा करारही झाला. या गाड्या प्रथम महामार्गांवर धावतील, याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र त्यामुळे मोकळी होणारी साधी, दणकट लाल गाडी भंगारात निघण्यापूर्वी घाटावरच्या खोऱ्यांना मिळावी.

आमची मागणी मोजकी आहे. प्रत्येक खोऱ्याच्या शेवटच्या गावची मुक्कामी फेरी भारमानाच्या तक्त्यातून वगळावी, आणि तिची तूट राज्य सरकारने तिकिटांवर वसूल होणाऱ्या १७.५ टक्के प्रवासी करातून भरून द्यावी. भोर-वेल्ह्याच्या वाचकांना विनंती अशी, की आपल्या गावची बंद पडलेली फेरी, तिची जुनी वेळ आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्यांची संख्या लिहून, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तसा ठराव करावा व त्याची एक प्रत आगार व्यवस्थापकांना आणि एक तहसीलदारांना देऊन पोहोच घ्यावी. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीही मुक्कामावर असणाऱ्या चालक-वाहकांस, आणि आपणां सर्वांस, दीपावलीच्या शुभेच्छा.