पाहणाराच दिसतो



समजा, आषाढ लागलाय आणि उमरोळी स्टेशनावर तीन माणसं गाडीतून उतरली. पहिला खाचराकडं बघून म्हणाला, "रोपं तयार झालीत, लावणीला पाऊस हवा." दुसरा म्हणाला, "स्टेशनाला लागून जमीन! गुंठ्याला काय भाव?" तिसरी होती माहेरवाशीण. तिला ताडाची झाडं दिसली आणि चालता चालता तिचे पाय भरभर पडू लागले.

जागा एकच. पण कोण शेतकरी, कोण दलाल, कोण लेक, हे सांगावं लागलं का? कथेतही असंच असतं. 'मी लोभी आहे' असं कथा सांगणारा कधी म्हणत नाही. तो भोवतालचं वर्णन करतो आणि त्यात स्वतःच उघडा पडतो.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी १९५५ साली पुस्तकरूपानं आली. ती एक तरुण मास्तर सांगतो. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत त्याची नेमणूक झालेली. गेला तर शाळा ओस, पोरं मेंढरांमागं. आधी त्याला ती वाडी परकी वाटते. हळूहळू तो माणसं ओळखू लागतो, त्यांच्या अडचणीत पडतो, तालीम बांधायच्या खटपटीला लागतो. पुढं दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, लोक पोटासाठी वाडी सोडून जातात. माळ पहिल्यासारखाच उजाड; पण आता तो बघून मास्तरच्या पोटात कालवतं. माळ तोच होता, बदलला तो मास्तर. त्याचा स्वभाव आपल्याला कळतो तो या बदलातून.

आता आपल्या घरचं. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत गेली आणि आपल्या भागात जमिनी बघायला येणारे वाढले. येणारा काय बघतो, कशाविषयी विचारतो, याकडं कान द्या. सोयरीक घेऊन आलेल्यांचंही तसंच. माणूस ओळखायला तेवढं पुष्कळ होतं.

आणि एक करा. या रविवारी आपल्या मुलाला किंवा मुलीला बांधावर न्या. काही शिकवू नका. "काय दिसतं?" एवढंच विचारा. पोराला नुसता भावच दिसला, तर त्याच्यावर रागावू नका. आजवर आपण त्याच्यासमोर या जमिनीविषयी दुसरं काय बोललो, ते आधी आठवून बघा.