वारसा पेटीत राहत नाही

जॉनी कॅश हे नाव आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसेल. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी १९३२ साली हा गायक जन्मला. काळे कपडे आणि खर्जातला आवाज ही त्याची ओळख. १९६८ साली त्याने फॉल्सम तुरुंगात कैद्यांपुढे गाऊन जो अल्बम केला, तो आजही ऐकला जातो. नशेच्या गोळ्यांनी त्याच्या आयुष्याची अनेक वर्षं खाल्ली. हे त्याने लपवलं नाही.

त्याच्या शेवटच्या दिवसांतला ‘हर्ट’ या गाण्याचा व्हिडिओ जेमतेम चार मिनिटांचा आहे. मार्क रोमानेक या दिग्दर्शकाने तो कॅशच्या टेनेसीतल्या घरात आणि शेजारच्या त्याच्याच नावाच्या संग्रहालयात चित्रित केला. सत्तरीतला, मधुमेहाने खंगलेला कॅश खुर्चीत बसून गातो. गाल लोंबलेले, हात कापतात. समोर मेजवानीचं भरलेलं टेबल आहे, पण जेवणारं कोणी नाही. मध्येच तो पेल्यातली दारू त्याच टेबलावर ओतून टाकतो. संग्रहालय बंद पडलेलं, मानसन्मानाच्या वस्तूंवर धूळ. अधूनमधून तरुणपणाची दृश्यं येतात, आणि तोच का हा माणूस, असा प्रश्न पडतो. शेवटी तो पियानोचं झाकण बंद करतो आणि त्यावरून हळूच हात फिरवतो.

संगीत जायज की नाजायज, हा वाद मी इथे काढत नाही. त्यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि माझा तो अधिकारही नाही. मला बोलायचं आहे ते म्हातारपणाबद्दल आणि माणूस मागे काय ठेवतो याबद्दल.

आमच्या शिक्षक-खोलीत हा व्हिडिओ पाहून एक सहकारी म्हणाले, “आपा, एवढ्या मोठ्या माणसाला असं दाखवायला नको होतं. ही बेअदबी आहे.” मला हे पटत नाही. बुजुर्ग थकला की आपण त्याला आतल्या खोलीत नेतो. पाहुण्यांसमोर आणायचा तर दाढी करून, स्वच्छ कुर्ता घालून, आणि तोही पाच मिनिटं. त्याचा कापणारा हात आपल्याला लाज वाटावी असा का वाटतो? मौत सर्वांना आहे, हे प्रत्येक जनाजाच्या वेळी आपण बोलतो. पण मौतीकडे चाललेला माणूस डोळ्यांना दिसू नये, अशी व्यवस्थाही आपणच करतो. कॅशने हा पडदा बाजूला केला. थकलेल्या चेहऱ्यानिशी, पूर्ण शुद्धीत, तो कॅमेऱ्यासमोर बसला. यात बेअदबी कुठे आहे? मला तर यात इज्जत दिसते.

त्या व्हिडिओत जिन्यावर एक बाई उभी आहे. काही बोलत नाही, नवऱ्याकडे पाहत राहते. ती जून कार्टर, स्वतः नावाजलेली गायिका. आजारी तो दिसतो, म्हणून पाहणाऱ्याला वाटतं की आधी तोच जाणार. पण १५ मे २००३ रोजी ती गेली आणि १२ सप्टेंबरला तो. मोठ्या माणसाच्या वारशाचा हिशेब मांडताना जिन्यावर उभी असलेली बाई सहसा हिशेबात धरली जात नाही. आपल्याकडच्या शायरांच्या, शाहिरांच्या, उस्तादांच्या घरांतही हेच झालेलं आहे.

आता वारशाकडे येते. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून शब्दापासून सुरुवात करते. वारस, वारसा, मिरास, मिरासदार हे मराठी शब्द एकाच अरबी धातूतून आले. उत्तरेकडे गाण्या-बजावण्यावर जगणाऱ्या जमातीला मिरासी म्हणतात, तोही त्यातलाच. मराठीत मिरासदार म्हणजे वंशपरंपरेने जमीन कसणारा, तिकडे मिरासी म्हणजे वंशपरंपरेने सूर सांभाळणारा. एकाला मान मिळाला, दुसऱ्याच्या वाट्याला हेटाळणी आली. जमीन दिसते, सूर दिसत नाही, एवढाच काय तो फरक!

पण दिसणाऱ्या वस्तूचं पुढे काय होतं? ज्या घरात हा व्हिडिओ चित्रित झाला, ते एप्रिल २००७ मध्ये आगीत जळून गेलं. आपल्याकडे भारतरत्न उस्ताद बिस्मिल्ला खाँ २००६ साली गेले. दहा वर्षांनी वाराणसीत त्यांच्या शहनाया चोरीला गेल्या आणि त्यातली चांदी वितळवली गेल्याचं उघड झालं. या गोष्टींचं दुःख व्हायलाच हवं. जपणूक ही सरकारची आणि समाजाची जबाबदारी आहे, ती टाळायला मी सबब देत नाही. तरीही चांदी वितळली म्हणून बिस्मिल्ला खाँ वितळले नाहीत. शहनाई वाजवू पाहणारा प्रत्येक मुलगा आजही त्यांच्याच मापाने मोजला जातो.

‘हर्ट’ची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. ते गाणं कॅशचं नव्हतंच. ट्रेंट रेझ्नर या त्याच्याहून तेहेतीस वर्षांनी लहान संगीतकाराने ते लिहिलं आणि १९९४ साली आपल्या रॉक अल्बममध्ये घेतलं. गोंगाटाच्या, रागाच्या जगातलं ते गाणं. म्हाताऱ्या कॅशने एका पोराचं गाणं घेतलं आणि असं गायलं की, आता हे गाणं आपलं उरलं नाही, अशी भावना खुद्द रेझ्नरने व्यक्त केली.

आपण वारसा नेहमी वरून खाली वाहताना पाहतो. बुजुर्ग देणार, लेकरं घेणार. वर्गात आम्ही हेच शिकवतो. इथे सत्तरीचा माणूस मुलाच्या वयाच्या माणसापुढे हात पसरतो, आणि त्याच कामामुळे तो नव्या पिढीला कळतो. आमच्या उर्दू मुशायऱ्यांत तरुणांना शेवटी पाच मिनिटं मिळत नाहीत, मराठी साहित्य संमेलनांतही फार वेगळं नाही. मग आपणच विचारतो, पोरं भाषेकडे का फिरकत नाहीत? आपण त्यांचं काय घेतलं, हे मात्र विचारत नाही.

माणूस मेल्यावर त्याचे अमल थांबतात, तीन गोष्टी चालू राहतात, अशी हदीस आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे: सदका-ए-जारिया, लोकांच्या उपयोगी पडणारं इल्म आणि दुआ करणारी नेक औलाद. या तिन्हींत एक गोष्ट समान आहे. दुसऱ्याच्या हाती गेल्याशिवाय यातली एकही चालू राहत नाही. विहिरीतून कोणी पाणी शेंदलंच नाही, तर ती नुसता खड्डा आहे.

म्हणून घरातल्या बुजुर्गाला आतल्या खोलीत ठेवू नका. त्याला बैठकीत बसवा. त्याला त्याच्या जुन्या गोष्टी सांगू द्या आणि नातवाच्या मोबाईलवरचं गाणंही ऐकू द्या. हात कापत असतील तर कापू द्या.