अग्निप्रदीपनाच्या आधीचे महिने

साखर कारखान्याच्या बॉयलरचे अग्निप्रदीपन आणि गव्हाणीत मोळी टाकण्याचा समारंभ यांची छायाचित्रे दसरा-दिवाळीच्या सुमारास वृत्तपत्रांत हमखास झळकतात. त्यापूर्वी उन्हाळ्यात त्याच बॉयलरच्या पोटात शिरून जी माणसे काम करतात, त्यांचे छायाचित्र कोणी काढीत नाही. गाळप हंगाम संपला की कारखाना विसावला, असे बाहेरच्यांना वाटते. वस्तुतः देखभाल-दुरुस्तीचा जोखमीचा काळ तेव्हाच सुरू होतो.

भट्टीतील जुन्या उष्णतारोधक विटा फोडताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि सिलिकोसिस हा असाध्य विकार जडवतात. साठवलेल्या, बुरशी धरलेल्या बगॅसच्या धुळीने होणाऱ्या रोगाला तर वैद्यकशास्त्राने ‘बगॅसोसिस’ असे चिपाडाचेच नाव दिले आहे. वेल्डिंगच्या धुराचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली निश्चित कर्करोगकारकांच्या गटात केला. आणि आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय कोणता? तोंडाला बांधलेला रुमाल!

दुसरा उपाय पंख्याचा. परंतु बंदिस्त पात्रात नुसता पंखा लावला, तर धूर जागच्या जागी घुमतो. बाहेरची स्वच्छ हवा आत यावी आणि धूर उगमापाशीच ओढून नळीवाटे बाहेर जावा, अशी दुहेरी योजना हवी. सोलापूर-मराठवाड्यात वैशाखात बाहेरच पारा ४० अंशांपुढे असतो. त्वचेहून तप्त वारा अंगावर उष्णताच आणतो. गारवा मिळतो तो घाम वाळण्यापुरता, आणि घामासाठी पोटात पाणी लागते. भट्टी पुरती निवू देणे, विटा पाणी शिंपडून फोडणे, पाळ्या लहान ठेवून मध्ये सावलीत विश्रांती देणे, यांना परदेशी यंत्रसामग्री लागत नाही. लागतो तो वेळ, आणि नेमका तोच देण्यास कोणी राजी नसतो.

मळीच्या टाकीची गोष्ट याहून भीषण. तळाशी उरलेली मळी आंबते, हवेहून जड असा कार्बन डायऑक्साइड खाली साचतो. एक जण उतरतो, कोसळतो; त्याला वाचवायला दुसरा उडी घेतो. त्या धावून जाण्यातले बंधुत्व थोरच, पण ते असे वाया जावे काय? १९४८च्या कारखाने कायद्याचे ३६वे कलम अशा जागी उतरण्यापूर्वी सक्षम व्यक्तीचे लेखी प्रमाणपत्र मागत होते. ते नसेल तर श्वसनयंत्र आणि कमरेच्या पट्ट्याला बांधलेली, बाहेरच्या माणसाने धरलेली दोरी. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. टाकीतला वायू मात्र तोच आहे.

दुरुस्तीचे ठेके सर्वांत कमी दर भरणाऱ्यास दिले जातात आणि त्या दरात वायुविजनाला वेगळी रक्कम धरलेली नसते, हे या दुखण्याचे मूळ होय. ठेकेदाराला दोष देऊन संचालक मंडळास मोकळे होता येणार नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला उभा केलेला सहकार मालकीचा हक्क सभासदाला देऊन गेला. तेव्हा वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबरच सभासदांनी हेही विचारावे: यंदा बॉयलरमध्ये आणि टाकीत किती माणसे उतरली, आणि प्रत्येक वेळी परवान्यावर सही कोणाची होती?