सही कुणाची?

जुने चित्र विकत घेणारा आधी खालचा कोपरा पाहतो. सही आहे का? मग विचारतो, हे आजवर कुणाकडे होते? चित्राची किंमत बरीचशी या दोन उत्तरांवर ठरते. संस्थेच्या कामासाठी मुंबईला गेले असताना काळा घोडा भागात जुनी चित्रे विकणारे एक दालन पाहिले, तेव्हा हे समजले. आमच्या कामरगावहून केवळ चित्रे पाहायला कोण मुंबईला जाणार! पण तिथे जे दिसले ते आपल्या चळवळीच्या कामाचे आहे.

भिंतींवर बायाच बाया होत्या. पाणी भरणाऱ्या, वेणी घालणाऱ्या, देवळात निघालेल्या. खालच्या सह्या मात्र बहुतेक पुरुषांच्या. हे त्या एका दालनापुरते नाही. म. वि. धुरंधरांनी ऑटो रॉथफेल्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या पुस्तकासाठी देशभरातल्या स्त्रिया रंगवल्या. त्या ओळखल्या जातात जातीने, प्रांताने, धंद्याने, नावाने नाही. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर (१९१२–२००९) जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून चित्रकार झाल्या. आपल्यापैकी किती जणींनी त्यांचे नाव ऐकले आहे?

कुणी म्हणेल, अमृता शेरगिलचे काय? तिचे १९३७ सालचे ‘द स्टोरी टेलर’ सप्टेंबर २०२३ मध्ये ६१.८ कोटी रुपयांना विकले गेले. भारतीय चित्राला लिलावात तोवर एवढी रक्कम मिळाली नव्हती. पण १९७२ च्या कायद्याखाली ज्या नऊ चित्रकारांची चित्रे राष्ट्राचा ठेवा म्हणून देशाबाहेर विकता येत नाहीत, त्यांत बाई ती एकटीच.

बायकांना चित्रे काढता येत नव्हती म्हणून का हे असे झाले? कामरगावात मी घरोघर जाते. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा पास झालेल्या मुली भेटतात. लग्न ठरले की त्यांच्या वह्या रद्दीत जातात. आजीच्या गोधडीवर तर नाव कधी नव्हतेच. फाटली की तिचे पायपुसणे होते. जुने व्हायला आधी टिकावे लागते. बाईचे काम आपण घरातच टिकवत नाही, मग बाजारात त्याला भाव नाही यात नवल काय?

तेव्हा मैत्रिणींनो, बाजाराला दोष देऊन थांबू नका. गोधडीच्या कोपऱ्यावर शिवणारीचे नाव आणि साल टाक्यांनी घाला. मुलीला चित्राखाली सही करायला लावा. सासरी जाताना तिच्या वह्या तिच्याबरोबर जाऊ द्या. त्या ठेवायच्या की विकायच्या, ते तिचे ती ठरवील.