फुकटचा जिप्सम शेतात टाकण्याआधी

उन्हाळ्यात राने मोकळी झाली की गावात ट्रक फिरू लागतात. कुणी मळी आणतो, कुणी राख, कुणी तळ्यातला गाळ. त्यातच समजा एखादा म्हणाला, 'खताच्या कारखान्यातला जिप्सम आहे, भाडं तेवढं द्या, माल फुकट.' माल पांढरा, चुन्यासारखा. खताच्याच कारखान्यातला, म्हणजे जमिनीला चांगलाच असणार, असे कुणालाही वाटेल. गफलत होते ती इथेच. म्हणून ट्रक रिकामा करण्याआधी एकच विचारा, 'बाबा, कुठल्या खताच्या कारखान्यातला?'

युरियाचा म्हणाला, तर तिथे खत बनवताना जिप्सम निघतच नाही. युरियाच्या सांडपाण्यात अमोनिया आणि थोडा युरिया असतो. वाफेच्या उष्णतेने युरिया फोडून अमोनिया वेगळा काढतात आणि पुन्हा कारखान्यातच वापरतात.

सिंगल सुपर फॉस्फेटचा म्हणाला, तरी सावध व्हा. रॉक फॉस्फेटवर गंधकाचे आम्ल टाकले की सुपर तयार होते आणि त्यात बनणारा जिप्सम खतातच राहतो. तुम्ही सुपरची गोणी टाकता तेव्हा जिप्समही रानात पडतो. मग सुपरच्या कारखान्यातला पांढरा माल कसला? रॉकमध्ये फ्लोराईड असते. त्याचा वायू सुटतो, तो पाण्याने धुवून घेतात. हे आम्लाचे पाणी पुन्हा सुपर बनवताना वापरता येते. ते तसे न वापरता त्यात चुना घातला, तर तळाशी पांढरा गाळ बसतो. त्यात मुख्यतः फ्लोराईड आणि सिलिका. याला जिप्सम म्हणणे म्हणजे शुद्ध फसवणूक.

खरा जिप्सम निघतो तो फॉस्फरिक आम्लाच्या कारखान्यात. ओडिशातील पारादीपला असे मोठे कारखाने आहेत. तिथे एक टन फॉस्फेटमागे सुमारे ५ टन फॉस्फोजिप्सम उरतो. तो सिमेंट कारखान्यांना जातो, शेतीलाही चालतो. मात्र त्यातही थोडे आम्ल, फ्लोराईड आणि किरणोत्सारी रेडियमचा अंश असतो, म्हणून तपासणी लागते. अमेरिकेत शेतीसाठीच्या फॉस्फोजिप्सममध्ये रेडियम ग्रॅममागे सरासरी १० पिकोक्युरीपेक्षा जास्त चालत नाही. याही कारखान्याच्या सांडपाण्यात चुना घालतात आणि त्याचाही पांढरा गाळ होतो. ट्रकमध्ये भरल्यावर जिप्सम कोणता आणि गाळ कोणता, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही.

मग या गाळाचे करायचे काय? तो नुसता साठवून ठेवणेही परवडत नाही. फ्लोरिडात पायनी पॉइंट येथे बंद पडलेल्या खत कारखान्याच्या फॉस्फोजिप्सम ढिगावरील तलावाला २०२१ मध्ये गळती लागली आणि सुमारे ८० कोटी लिटर दूषित पाणी टँपाच्या उपसागरात सोडावे लागले. त्यापेक्षा चुना दोन टप्प्यांत घालावा. पहिल्या टप्प्यात बहुतेक फ्लोराईड खाली बसते, दुसऱ्यात फॉस्फेट. फॉस्फेटचा गाळ पुन्हा खत बनवण्याच्या कामी येऊ शकतो. दोन्ही एकत्र झाले की मात्र चांगलेही वाया जाते. म्हणजे गाळाचा उपयोग कारखान्याच्या कुंपणाआत आधी शोधायचा, शेतकऱ्याच्या बांधावर नव्हे.

कायदाही हेच सांगतो. २०१६ च्या घातक कचरा नियमांत कारखान्यांच्या सांडपाणी प्रक्रियेतील रासायनिक गाळाचा समावेश आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीशिवाय त्याचा दुसरीकडे वापर करता येत नाही. उपयोग नसलेल्या अशा गाळासाठी तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे सामायिक केंद्रे आहेत. नुकसान झाले तर कारखानदारावर जबाबदारी येते. खत म्हणून विकायचे, तर १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे विक्रेत्याकडे अधिकारपत्र हवे आणि गोणीवर घटक छापलेले हवेत.

जिप्सम वाईट नाही. चोपण जमिनीतला सोडियम हटवायला तो उपयोगी, भुईमुगाला आऱ्या सुटताना तर हवाच. पण तो सगळ्याच जमिनींचे औषध नाही. आधी माती तपासून घ्या. सामू ८.५ च्या वर आणि सोडियम जास्त असेल, तर अहवालात सांगितला असेल तेवढाच टाका आणि निचऱ्याची सोय करा. निचरा नसेल तर सोडियम तिथेच राहतो.

सरपंच आणि ग्रामपंचायतीनेही डोळे उघडे ठेवावेत. असा ट्रक शिवारात आला, तर कारखान्याचे नाव, प्रयोगशाळेचा अहवाल आणि घातक कचरा असल्यास मॅनिफेस्टचा नमुना १० मागावा. कागद नसेल तर गाडीचा नंबर टिपून घ्या आणि तालुका कृषी अधिकारी व मंडळाच्या कार्यालयाला लेखी कळवा. माल ओढ्याकाठी किंवा विहिरीजवळ तर उतरवू देऊच नका. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराईड वर्षानुवर्षे गेले, तर आधी मुलांच्या दातांवर डाग येतात, पुढे हाडे धरतात.

ट्रक एका तासात रिकामा होतो. पण एकदा नांगरटीत मिसळलेला गाळ मातीतून वेचून काढणार कोण? तेव्हा आधी कागद, मग माल.