‘आता दिसतंय का?’

डोळ्याला लेसर उपचार झालेला माणूस घरी आला की सगळे हाच प्रश्न विचारतात. माझ्या मते तो विचारूच नये. मोतीबिंदू काढला की दिसू लागते, हे आमच्या दिघीत घरोघरी ठाऊक आहे. लेसरकडूनही तीच अपेक्षा होते. पण दृष्टिपटलातील नीला तुंबली असेल तर लेसरचे काम निराळे असते.

विद्यार्थीमित्रहो, दृष्टिपटलात रोहिणी आणि नीला जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे दोघींचे बाहेरचे आवरण एकच असते. वाढत्या रक्तदाबाने रोहिणी कठीण झाली की नीला दबते आणि तिच्यात गुठळी होते. मागे तुंबलेले रक्त पाझरते, पीतबिंदूला सूज येते. प्राणवायूवाचून उपाशी राहिलेला भाग नव्या रक्तवाहिन्या वाढवणारे द्रव्य सोडतो. या वाहिन्या फार नाजूक. त्या फुटून डोळ्यात रक्त उतरते, नाहीतर डोळ्यातील पाण्याची वाट अडून दुखरा काचबिंदू होतो.

लेसरचा हिरवा प्रकाश डोळ्याच्या पारदर्शक भागांतून आरपार जातो व दृष्टिपटलामागच्या रंगद्रव्यात शोषला जाऊन त्याची उष्णता होते. (प्रकाशाचे शोषण शिकवायला शिक्षकांना हे उदाहरण छान आहे.) उपाशी भागावर असे शेकडो सूक्ष्म डाग दिले की त्याची प्राणवायूची मागणी घटते. थोडे जाळून उरलेले राखायचे! म्हणूनच पुष्कळ डाग दिल्यावर कडेचे व अंधारातले दिसणे काहीसे कमी होऊ शकते. हे आधी कुणी सांगितले नाही, तर संध्याकाळी आळंदी रस्ता ओलांडताना बिचकलेल्या आजोबांना वाटते, उपचारानेच डोळा बिघडला. मग ते पुढच्या तपासणीला जात नाहीत. खरा धोका तिथे आहे.

नीलेची शाखा तुंबलेल्या रुग्णांत लेसरने दृष्टी सुधारू शकते, असे १९८४ साली अमेरिकेतील एका अभ्यासात दिसले. मुख्य नीला तुंबलेल्यांत मात्र सूज उतरूनही दृष्टी सुधारली नाही, असे १९९५ साली आढळले. आता सुजेवर बहुधा आधी डोळ्यात इंजेक्शने देतात.

तेव्हा आजोबांना विचारा, पुढची तारीख कधी, रक्तदाब मोजला का? आणि गणिताच्या चौकटी वहीच्या पानावर मधोमध ठिपका काढून द्या. चष्मा लावून, एकेक डोळा झाकून त्यांनी ठिपक्याकडे पाहावे. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचा दोष झाकतो. रेषा नव्याने वाकड्या किंवा पुसट दिसल्या, तर तारखेची वाट न पाहता त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे न्या.